चीज करणारे साधू आणि बाबांचे फॅटचे प्रश्न

मॉन्ट्रियलच्या मराठी घरांत आईबाबा भारतातून आले की त्यांना कुठे न्यायचं याची लिस्ट सगळ्यांची जवळपास सारखीच असते. नायगारा, ओटावाची पार्लमेंट, क्यूबेक सिटी, सेंट जोसेफ ऑरेटरी या मोठ्या चर्चच्या पायऱ्या, झालं. या वेळी मी त्यात सँ-बेन्वा-दु-लाकचा मठ घातला, कारण बाबांनी अख्खी नोकरी कोल्हापूरकडच्या एका दूध संघात काढलीय आणि रिटायर होऊन एवढी वर्षं झाली तरी कुठल्याही दुकानात शिरले की आधी दुधाच्या फ्रीजपाशी जाऊन फॅटचा आकडा वाचतात. ख्रिस्ती साधू तळ्याकाठी मठात राहतात, चीज करतात आणि त्या विक्रीवर मठाचा खर्च चालवतात असं सांगितल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "दूध कुठनं घेतात?" आणि आईचा, "तिथं आपल्याला खाण्यासारखं काही असेल का गं?"

जागा तशी लांब नाही. मॉन्ट्रियलहून ऑटोरूट १० धरून पूर्वेला निघायचं, मेगॉगच्या अलीकडे खाली उतरायचं आणि मग ऑस्टिन नावाच्या गावावरून छोट्या रस्त्याने तळ्याच्या दिशेने जायचं, दीडेक तासात पोचता. सप्टेंबर संपत आला होता, मेपल नुकते लाल व्हायला लागलेले. (पुढच्या दोन आठवड्यांत इथे सगळं मॉन्ट्रियल पानं बघायला लोटतं, तेव्हा जायचं असेल तर जरा आधीच जा.) ऑस्टिनबद्दल एक गंमत म्हणजे रेजिनाल्ड फेसेंडन इथलाच, १८६६ चा जन्म, माणसाचा आवाज रेडिओलहरींवरून पाठवून दाखवणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी एक. हे नवऱ्याने गाडी चालवता चालवता सांगितलं आणि बाबा, ज्यांची सकाळ अजूनही आकाशवाणीशिवाय सुरू होत नाही, ते एकदम खूश. मेम्फ्रेमेगॉग तळं लांबच लांब आहे, उत्तरेकडचा मोठा भाग क्यूबेकमध्ये आणि खालचं टोक अमेरिकेत व्हरमाँटमध्ये. तळ्यात 'मेम्फ्रे' नावाचा एक राक्षसी प्राणी राहतो अशी दंतकथा आहे, आणि तो बघितल्याचं सांगणारेही आहेत. आम्हाला फक्त बदकं दिसली.

मठ पहिल्यांदा वळणावरून दिसतो तेव्हा बघणारा माणूस गप्पच होतो. दगडी भिंती, टोकदार छपरं, मनोरे, मागे तळं आणि डोंगर. आपल्याला वाटतं मध्ययुगातलं काहीतरी असणार. तसं अजिबात नाही, मुख्य इमारत १९३९ ते १९४१ मध्ये बांधलेली आहे, म्हणजे आपल्या आजोबांच्या वेळची. डिझाइन करणारा दोम पॉल बेलो ('दोम' ही या साधूंच्या नावाआधीची पदवी) हा स्वतः फ्रेंच बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमांवर चालणारा, साधू होता आणि आर्किटेक्टही. १९३७ मध्ये कॅनडात आला, मग युद्ध सुरू झालं आणि इथेच राहिला, मॉन्ट्रियलच्या ऑरेटरीचा घुमट पुरा करण्याच्या कामातही त्याचा हात होता, १९४४ मध्ये वारला आणि याच मठाच्या दफनभूमीत आहे. आत कॉरिडॉरमध्ये गेलात तर त्याचं काम दिसतं, रंगीत विटा आणि टाइल्स असे काही भौमितिक नक्षीत बसवलेत आणि वर विटांच्या कमानी एकामागून एक अशा लांबपर्यंत. आई तिथे कितीतरी वेळ फरशी बघत उभी होती. चर्च मात्र बरंच नंतरचं, १९९४ चं, डॅन हंगानू या मॉन्ट्रियलच्या आर्किटेक्टचं, उंच, साधं, वीट आणि लोखंड उघडं ठेवलेलं. मला ते कॉरिडॉरपेक्षा कमी आवडलं, नवऱ्याला जास्त, या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.

हे साधू इथे आले कसे, ती गोष्टही सरळ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये सरकारने धार्मिक संघांविरुद्ध कायदे केले, मठच्या मठ देश सोडून गेले. नॉर्मंडीतल्या सँ-वॉन्द्रीय मठातले लोक बेल्जियममध्ये आसरा घेऊन होते, तिथून १९१२ मध्ये दोम पॉल व्हानिए कॅनडात आले आणि त्यांनी या तळ्याकाठी शेत घेऊन सुरुवात केली. दोनच वर्षांत, १९१४ मध्ये, ते याच तळ्यात बुडून गेले. त्यानंतर पहिलं महायुद्ध, माणसं नाहीत, पैसे नाहीत, इथली थंडी, आणि तरी ती मूठभर माणसं टिकून राहिली. पूर्ण दर्जाचा मठ, म्हणजे स्वतःचा मठाधिपती असलेला, व्हायला १९५२ उजाडलं.

या मधल्या काळात, १९४३ मध्ये, त्यांनी चीज सुरू केलं. आणि साधंसुधं नाही, ब्लू चीज. 'एर्मित' नाव, म्हणजे एकांतवासी साधू, आजही तेच विकतात. मला याचं फार नवल वाटतं, की खेड्यात शेती करणारी माणसं, तीही युद्धाच्या मध्यावर, आणि निवडलं काय तर ज्याला सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं असं बुरशीचं चीज.

आता खरं सांगते, माझ्या डोक्यात जे चित्र होतं ते तिथे नाही. झगा घातलेला म्हातारा साधू लाकडी पळीने दूध ढवळतोय वगैरे. चीजची जागा बंद दारामागे, आम्हाला आत जाता आलं नाही, आणि आज आत काम करणारे सगळे साधूही नाहीत, आजूबाजूच्या गावांतले पगारी कामगार आहेत, कारण साधूच उरलेत कमी आणि त्यातले बरेच वयस्कर. सँ-बेन्वा-दु-लाक ही कागदोपत्री स्वतंत्र नगरपालिका आहे, अख्ख्या गावाची लोकसंख्या म्हणजे जवळपास हे साधूच, त्यामुळे मठात नवीन माणूस आला नाही की गावच आटतं. क्यूबेकमध्ये १९६० नंतर चर्चचा पगडा झपाट्याने ओसरला, मॉन्ट्रियलमध्ये तर चर्चचे फ्लॅट झालेले, लायब्ररी झालेली आपण रोज बघतो. त्या लाटेत हा मठ टिकलाय याला चीजची थोडी तरी मदत झाली असणार असं माझं मत.

बाबांना या कशानेच फरक पडला नाही. त्यांना प्रोसेस हवी होती. मठाच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाला बिचाऱ्याला मागे रांग असताना त्यांनी माझ्यामार्फत प्रश्न विचारायला सुरुवात केली, मी मराठीतून फ्रेंचमध्ये, तो फ्रेंचमधून, शेवटी नवऱ्याने त्यांना बाजूला घेतलं आणि मग बाबांनीच आम्हाला सगळं समजावलं, कारण बेसिक गोष्ट त्यांना आधीच माहीत होती. दुधाला विरजण लावायचं, त्यातच ती निळी बुरशी, पेनिसिलियम रोकफोर्टी, घालायची, रेनेटने दूध थिजवायचं, थिजलेल्या दह्याचे सुरीने तुकडे करायचे म्हणजे त्यातलं पाणी सुटतं. आपण चक्का फडक्यात बांधून टांगतो तसं हे साच्यात भरतात, पण ब्लू चीजला वरून दाब देत नाहीत, दाबलं तर आत पोकळ्या राहत नाहीत आणि बुरशीला जागा मिळत नाही. मग मीठ, आणि मग खरी गंमत, लांब सुयांनी त्या चकतीला आरपार भोकं पाडतात. बुरशीला हवा लागते, हवा जिथे जाते तिथे ती निळी होते. चीज कापल्यावर कधीकधी त्या निळ्या रेघा सरळ उभ्या दिसतात, त्या सुयांच्या वाटा. हे मला एवढी वर्षं ब्लू चीज खाऊन माहीत नव्हतं. "सोपंय की," बाबा म्हणाले, "अवघड काय आहे, तापमान आणि ओल सांभाळणं. आमच्याकडं चिलिंग प्लँटला लाइट गेली की काय व्हायचं मला विचार."

दुधाचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. कॅनडात शेतकऱ्याला वाटलं म्हणून गाई वाढवून दूध काढून घालता येत नाही, कोटा लागतो, आणि तो मोजतात रोजच्या बटरफॅटच्या किलोवर. दिवसाला एक किलो फॅटएवढं दूध घालायचा हक्क क्यूबेकमध्ये विकत घ्यायचा तर कमाल किंमत २४,००० डॉलर, त्याच्यावर नाही कारण तिथे सरकारी मर्यादा आहे. साधारण एका गाईमागे एक किलो धरतात, म्हणजे गाय वेगळी, गोठा वेगळा, आणि वर हा हक्क. फॅक्टऱ्यांना दूध जातं ते उत्पादकांच्या संघटनेमार्फत, भाव घटकांवर, फॅट, प्रोटीन वगैरे. बाबा बराच वेळ हिशोब करत होते, डॉलरचे रुपये करून. मग म्हणाले, "म्हणजे हितला शेतकरी कर्जबाजारी असला तरी दुधाच्या भावापायी रस्त्यावर दूध ओतत नसंल." मी म्हटलं तसं अगदी नाही, कोटा ओलांडला तर इथेही दूध ओतून द्यावं लागतं आणि त्यावरून बातम्याही झाल्यात. मग पुढे चर्चा इतकी वाढली की आई कंटाळून बाहेर बागेत जाऊन बसली.

आईचा प्रश्न बाकी राहिला होताच. रेनेट. पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून येतं हे आईला कोणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलेलं होतं आणि तेव्हापासून तिने पिझ्झासुद्धा संशयाने खायला सुरुवात केलीय. आता बरीच चीज मायक्रोबियल एन्झाइमवर होतात, ते चालतं, म्हणून इकडच्या शाकाहारी मंडळींना माझा सल्ला एकच, लेबल वाचा, फ्रेंचमध्ये 'प्रेज्यूर' लिहिलं असेल तर ते वासराचं असू शकतं, 'आंझिम मिक्रोबियेन' असेल तर बिनधास्त घ्या. मी आईला रिकोटा दाखवला, म्हटलं हे तर चीज झाल्यावर उरलेल्या पाण्यापासून करतात, तापवलं की त्यातली उरलेली प्रथिनं वर येतात. तर आई म्हणते, "पण ते पाणी त्या चीजचंच ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, बाबांकडेही नव्हतं, तर्क पक्का होता. तिने सफरचंदाचा सॉस घेतला. मठाची स्वतःची सफरचंदाची बाग आहे, साधू त्याचा सॉस आणि सायडर करतात, आणि सॉस खरंच चांगला आहे, साखर बोंबलत नाही.

दुकानात चीज एवढ्या प्रकारची असतील असं वाटलं नव्हतं. एर्मित, त्याच्याहून मऊ आणि श्रीमंत असं ब्लू बेनेडिक्टँ, मग भोकंवालं स्विस धर्तीचं फ्रेर जाक, मों सँ-बेन्वा, धुरी दिलेलं, अजून काय काय. किमती बघून मला जरा आश्चर्य वाटलं, शहरातल्या फॅन्सी चीजच्या दुकानांपेक्षा कमी. नंतर वाचल्यावर कळलं की याला सहाव्या शतकातला आधार आहे. हे सगळे साधू ज्या नियमांवर जगतात ते संत बेनेडिक्टने तेव्हा लिहिले, आणि त्यातलं ५७ वं प्रकरण मठातल्या कारागिरांवर आहे. त्यात म्हटलंय की मठाचा माल विकताना लोभ शिरू देऊ नका, बाहेरचे लोक विकतात त्यापेक्षा थोडं स्वस्तच द्या. आणि कारागिराला आपल्या कलेचा गर्व झाला तर त्याच्याकडून ते काम काढून घ्या! चांगलं चीज करणाऱ्यालाच बाजूला करायचं. मॅनेजमेंटच्या कुठल्या कोर्समध्ये हे शिकवत नसावेत. त्याच नियमावलीत ४८ वं प्रकरण म्हणतं की स्वतःच्या हातच्या कामावर जगतात तेच खरे साधू. मला हे सगळ्यात जास्त भिडलं. आपल्याकडे देवस्थान म्हटलं की दानपेटी, देणगीची पावती, व्हीआयपी दर्शनाची वेगळी रांग. इथेही देणग्या घेतात, नाही असं नाही, पण तुम्ही पैसे दिलेत तर हातात चीज पडतं आणि विषय संपतो, कोणी तुम्हाला पुण्य विकत नाही. मला हा व्यवहार जास्त स्वच्छ वाटतो. बाबा यावर म्हणाले की आपल्याकडेही गोशाळावाले तूप विकतात की, आणि किलोचा भाव सांगितला, मग मीच गप्प बसले.

संध्याकाळी पाचला चर्चमध्ये व्हेस्पर्सची प्रार्थना असते, कोणीही जाऊन बसू शकतं. लॅटिनमधलं ग्रेगोरियन गायन, वाद्यांचा डामडौल नाही, एका सुरात सगळे. ज्या सँ-वॉन्द्रीयमधून हे आले तिथला तेव्हाचा मठाधिपती दोम पोतिए हा या गायकीच्या पुनरुज्जीवनातला फार मोठा माणूस, तेव्हा हे गाणं इथे वारशानेच आलेलं आहे. आई लहानपणी गाणं शिकलेली, ती म्हणाली ताल नाहीच आहे, शब्दांच्या वजनावर चाललंय. आणि ते खरंच तसंच आहे, मात्रा मोजायला जाल तर हाती काही लागत नाही. साधू आत आले तेव्हा कळलं किती थोडे आहेत ते. काही काठी टेकत. दिवसातून कितीतरी वेळा हे असं एकत्र येऊन गातात, पहाटेपासून, आणि मधल्या वेळेत बाकी सगळं, चीज, बाग, पाहुणे, हिशोब. घंटा झाली की हातातलं काम टाकून जायचं हा नियमच आहे. दह्याचे तुकडे पाडायची वेळ आणि प्रार्थनेची वेळ एकच आली तर काय करत असतील, हा बाबांचा प्रश्न. दूध काही थांबत नाही. बहुतेक पगारी माणसं ठेवण्याचं खरं कारण हेच असेल असा त्यांचा निष्कर्ष, आणि मला तो पटला.

परतीच्या वाटेवर ग्रॅनबीची पाटी लागली आणि मी बाबांना ओकाची गोष्ट सांगितली, कारण ती या गोष्टीची दुसरी बाजू आहे. मॉन्ट्रियलच्या पलीकडे ओका गावात १८८१ मध्ये फ्रान्समधून ट्रॅपिस्ट साधू आले, तेही याच बेनेडिक्टच्या नियमांवर चालणारे पण जास्त कडक. १८९३ मध्ये तिथे ब्रदर अल्फोन्स ज्वँ आला, फ्रान्समधल्या पोर-सॅल्यू मठाच्या पद्धतीचं चीज त्याला येत होतं, त्यातून ओका चीज जन्माला आलं. ते इतकं चाललं की आज कॅनडाच्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतं. फक्त ते आता साधू करत नाहीत. १९७० च्या दशकात त्यांनी चीजचा धंदा विकला, आणि आज तो ब्रँड अॅग्रोपूरकडे आहे, जी १९३८ मध्ये ग्रॅनबीत सुरू झालेली शेतकऱ्यांची सहकारी संस्था. "सहकारी?" बाबा मागच्या सीटवरून पुढे वाकले. "म्हणजे आपला संघच की!" साधूंचं चीज शेतकऱ्यांच्या संघाकडे गेलं यात त्यांना काही वाईट दिसेना. मला थोडं दिसतं, पाकिटावर मठाचं नाव आणि आत मठ नाही. पण खरं तर पोर-सॅल्यूच्या साधूंनीही १९५९ मध्ये तेच केलं, नाव विकलं. धंदा एका मर्यादेपलीकडे वाढला की किंवा तो मोठा होतो किंवा प्रार्थना, दोन्ही नाही, आणि विकून मोकळं होणं हाही एक मार्ग आहेच. सँ-बेन्वावाल्यांनी मधली वाट धरलीय, माणसं ठेवली पण चीज हातात ठेवलं. किती दिवस जमेल, गाणारे इतके कमी झाल्यावर, हा विचार मनात आलाच.

घरी आल्यावर एर्मितचा कार्यक्रम. नवरा क्रॅकर आणि पेअर मांडून बसला होता, ते ठीक आहे, पण बाबांनी सकाळच्या उरलेल्या थालीपिठाचा तुकडा गरम करून त्यावर ते चीज फासलं आणि मी सांगते, करून बघा. भाजणीचा धण्याजिऱ्याचा खमंगपणा आणि वर ते खारट, तिखट, जिभेला चावणारं निळं. फक्त थालीपिठात मीठ कमी घाला कारण चीज चांगलंच खारट आहे. ज्यांना ब्लू चीज जमत नाही त्यांनी फ्रेर जाकपासून सुरुवात करावी, ते पोरंसुद्धा खातात. आणि जायचं असेल तर रविवारी जाऊ नका, प्रार्थनेला जाता येईल पण दुकान बंद असतं. गाडीत आइसबॉक्स ठेवा. फ्रीजमध्ये डब्यात डबा घालून ठेवा, कारण आईने दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं की एकतर हे चीज तरी या फ्रीजमध्ये राहील किंवा माझं दही.

ओकाचे साधू २००९ मध्ये ती मोठी जुनी इमारत सोडून उत्तरेला सँ-जाँ-द-माथा गावी, जंगलातल्या नव्या छोट्या मठात गेले. आता चॉकलेट करतात, कॅरमेल करतात. हे आईला सांगितल्यापासून ती रोज विचारतेय की तिकडे कधी जायचं, कॅरमेलमध्ये रेनेट नसतं ना.